शनवार तेली : पोथी नसताना टिकलेला धर्म

अलिबागला कुणालाही 'इस्रायल आळी' कुठे म्हणून विचारा, बोट दाखवून सांगतील. तिथलं मागेन अबोथ हे सिनेगॉग अजून उभं आहे. आळीतली बरीच कुटुंबं मात्र कधीच इस्रायलला गेली. 'ज्यू' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिटलर येतो, गाझा येतं, फेसबुकवरची भांडणं येतात. आपल्या शेजारच्या आळीत हा धर्म कित्येक शतकं कसा जगला, ते फारसं कुणी विचारत नाही. म्हणून हा थोडा लांबलचक लेख.

बेने इस्रायल लोकांची परंपरा अशी : फार जुन्या काळी अलिबागच्या उत्तरेला नवगावच्या किनाऱ्यापाशी एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. वाहून आलेल्या प्रेतांना नवगावात मूठमाती दिली. ते दफनस्थान आजही दाखवतात. गलबत नेमकं कधी फुटलं, कुठून आलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण त्या समुद्रात माणसांबरोबर पोथ्याही गेल्या, असं परंपरा सांगते, आणि मला त्यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

कारण ज्यू धर्म म्हणजे ग्रंथांचा धर्म. मोशेचे पाच ग्रंथ म्हणजे तोरा. ती चामड्याच्या गुंडाळीवर हाताने लिहायची, एक अक्षर चुकलं तरी ती गुंडाळी वाचनाला चालत नाही. त्यानंतर संदेष्ट्यांचे आणि इतर ग्रंथ. त्यावर तालमूद, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या धर्मगुरूंचा कायद्याचा काथ्याकूट : शब्बाथला काय करायचं नाही, मांस आणि दूध वेगळं का ठेवायचं, घटस्फोट कसा लिहायचा. यातलं कोकणात काहीच नव्हतं. ना तोरा, ना तालमूद, ना शिकवायला रब्बी. हिब्रूसुद्धा विसरली गेली.

मग राहिलं काय? शेमा राहिली, देव एकच आहे असं सांगणारी प्रार्थना. लग्न असो, सुंता असो, तीच म्हणायची. मुलाची सुंता आठव्या दिवशी. खवले आणि पर नसलेला मासा खायचा नाही. आणि शनिवारी घाणा बंद.

हे लोक तेल गाळायचे. गावातला हिंदू तेली सोमवारी घाणा थांबवायचा, हे शनिवारी. म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनवार तेली'. दहा आज्ञांपैकी एक आज्ञा गावकऱ्यांनीच त्यांच्या नावात घालून ठेवली म्हणा ना.

सणांची हिब्रू नावंही गेली होती, पण सण गेले नव्हते. नववर्ष म्हणजे 'नव्याचा सण'. प्रायश्चित्ताच्या योम किप्पूरला दारं लावून दिवसभर उपास, म्हणून 'दारफाळणीचा सण'. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या सुतकाचा दिवस झाला 'बिरड्याचा सण', कारण त्या दिवशी जेवण वालाच्या बिरड्याचं. मंदिर कुणी पाडलं, कधी पाडलं, हे ठाऊक नसेल, पण बिरडं शिजत होतं. हा इतिहास पुरुषांच्या वादविवादात नाही, बायकांच्या चुलीवर टिकला असं मी म्हणेन.

पुढे डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू प्रवासी कोकणात आला. त्याने इथल्या बायकांना वेगवेगळे मासे रांधायला दिले आणि त्यांनी खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे बरोबर निवडून वेगळे केले, तेव्हा त्याची खात्री पटली, अशी कथा आहे. त्याचा काळ कुणी हजार वर्षांपूर्वीचा सांगतं, कुणी अठराव्या शतकातला.

१७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर यांनी. कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी, टिपूच्या कैदेतून सुटून आलेले. 'बेने इस्रायल' हे नाव कुराणात आहे म्हणून टिपूच्या आईने जीव वाचवला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पुरावा मागू नये. मस्जिद बंदर स्टेशनाचं नाव याच 'मशिदी'वरून पडलं, असंही सांगितलं जातं. पोथ्या मात्र उशिरा परतल्या. १८३२ मध्ये जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. हेतू ख्रिस्ती करण्याचा होता, या लोकांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. १८७४ मध्ये पुण्यात पेसाहची हाग्गादा मराठी अर्थासह निघाली. मिसरच्या गुलामीतून सुटकेची कथा मराठीत, चित्रांसकट!

आता कडू भाग. इस्रायल झाल्यावर हे लोक मोठ्या आशेने तिकडे गेले. आणि १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं : बेने इस्रायलपैकी कुणाला इतर ज्यूंशी लग्न करायचं असेल, तर त्याच्या पूर्वजांची पिढ्यान्‌पिढ्या चौकशी करा. कारण काय? यांच्याकडे तालमूद नव्हता, म्हणजे घटस्फोटाचे नियम पाळले गेले नसणार, म्हणजे वंश शुद्ध आहे कशावरून? कोकणात कुणी शनिवारी घाणा थांबवल्याबद्दल त्यांना छळलं नव्हतं. आणि 'आपल्या' देशात मुलीच्या लग्नाला पणजीचे कागद मागितले!

हे लोक गप्प बसले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात बायकापोरांसह जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये संसदेला खास बैठक घ्यावी लागली. बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यूच आहेत, असा ठराव झाला आणि धर्मपीठाने फर्मानातून त्यांचं नाव काढलं.

आज दिमोना, अश्दोद, लोद इथल्या घरांत लग्नाआधी मलिदा होतो : पोहे, ओलं खोबरं, गूळ, फळं, आणि एलियाहू हन्नाबीच्या नावाने प्रार्थना. हा विधी जगातल्या बाकीच्या ज्यूंत नाही. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे. एलियाहूचा रथ तिथून स्वर्गाला गेला, त्याची खूण दगडावर उमटली, अशी श्रद्धा. इस्रायलहून आलेली नातवंडं-पतवंडं तिथे नवस फेडायला येतात, आणि सोबतचे म्हातारे प्रसादाचं ताट पुढे करत म्हणतात, "घ्या, मलिदा घ्या."