कोयना धरण : भूकंपाने घेतलेली परीक्षा

शालेय भूगोलात कोयनेचे नाव दोन ठिकाणी येते. जलविद्युत प्रकल्पांच्या यादीत ते पहिल्या काही नावांत असते आणि भूकंपाच्या प्रकरणात १९६७ या सालाबरोबर ते पुन्हा भेटते. विद्यार्थी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाठ करतात. प्रत्यक्षात ती एकच कथा आहे. धरण बांधताना अभियंत्यांनी काय गृहीत धरले होते, निसर्गाने ते कसे तपासले आणि त्या तपासणीतून जगभरच्या धरणबांधणीने काय उचलले, याची ही कथा आहे.

पूर्वेचे पाणी पश्चिमेला

कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या कण्याला जवळजवळ समांतर अशी दक्षिणेकडे सुमारे ६५ किलोमीटर वाहते. हेळवाकजवळ ती एकदम पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. नकाशावर हे वळण पाहिले की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. नदीच्या पश्चिमेला काही किलोमीटरांवर सह्याद्रीचा कडा आहे आणि त्याच्या पायथ्याशी वाशिष्ठीचे खोरे, म्हणजे कोकण. नदी पूर्वेला जाते म्हणून तिचे पाणी सावकाश उतरत बंगालच्या उपसागराला मिळते. तेच पाणी डोंगरातून बोगदा काढून पश्चिमेला सोडले तर ते सुमारे पावणेपाचशे मीटर एकदम खाली येते.

या उंचीचा अर्थ सोप्या हिशेबाने कळतो. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान १००० किलो. ते ४७५ मीटर खाली आले की १००० × ९.८ × ४७५, म्हणजे सुमारे ४६.५ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. बोगद्यातील घर्षण, टर्बाइन आणि जनित्र यांतील घट वजा केली तरी दर घनमीटरामागे एक युनिटाहून थोडी अधिक वीज हाती लागते. घराच्या गच्चीवरच्या एक हजार लिटरच्या टाकीएवढे पाणी आणि एक युनिट वीज, असे समीकरण विद्यार्थ्यांना सहज लक्षात राहील.

ही कल्पना नवी नव्हती. टाटांनी घाटमाथ्यावर पाणी अडवून ते कोकणात सोडण्याचा प्रयोग खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) येथे यशस्वी केला होता. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी कोयनेचीही पाहणी केली, पण विसाच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या आर्थिक अडचणींमुळे ती योजना बाजूला पडली. स्वातंत्र्यानंतर तेव्हाच्या मुंबई राज्याने ती पुन्हा हाती घेतली. १९५४ मध्ये काम सुरू झाले. १९६२ मध्ये सह्याद्रीच्या पोटातील पोफळीच्या वीजगृहात वीज तयार होऊ लागली आणि १९६४ पर्यंत धरणही पुरे झाले. पुढे टप्पे वाढत गेले आणि प्रकल्पाची एकूण क्षमता सुमारे १९६० मेगावॅटपर्यंत पोचली. या विजेसाठी शिवसागर जलाशयाखाली अनेक गावे गेली. तिथल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचे प्रश्न नंतर कित्येक दशके रेंगाळले. प्रकल्पाच्या जमाखर्चात ही बाजूही मांडायलाच हवी.

वजनावर उभे राहणारे धरण

कोयनेचे धरण पायाच्या सर्वांत खोल भागापासून १०३ मीटर उंच आणि आठशे मीटरांहून अधिक लांब आहे. ते दगड घातलेल्या काँक्रीटचे, म्हणजे रबल काँक्रीटचे आहे. मोठे दगड रचून त्यांच्यामध्ये काँक्रीट भरल्याने सिमेंट कमी लागते आणि काँक्रीट घट्ट होताना निर्माण होणारी उष्णताही कमी राहते. उष्णतेमुळे अवाढव्य काँक्रीटला तडे जाण्याचा धोका असतो, म्हणून हा मुद्दा महत्त्वाचा.

रचनेच्या दृष्टीने हे गुरुत्व धरण आहे. पाणी त्याला ढकलते आणि ते स्वतःच्या वजनावर उभे राहते. धरणाची एक मीटर लांबीची फोड डोळ्यांसमोर आणा. पाण्याची खोली ९२ मीटर असेल तर तळाशी दर चौरस मीटरला ९२ टन आणि पृष्ठभागावर शून्य असा दाब असतो. सरासरी ४६ टन गुणिले ९२ मीटर, म्हणजे एका मीटर लांबीवर सुमारे ४२०० टनांचा आडवा रेटा. याच फोडीचे वजन उंच खंडांत सुमारे साडेनऊ हजार टन भरते. दाब खाली वाढत जातो म्हणून धरणाचा पायाही रुंद लागतो. कोयनेच्या उंच खंडांचा पाया सुमारे ७० मीटर रुंद आहे, माथा १५ मीटरांच्या आत.

धरणाच्या छेदाचा आकार साधारणपणे त्रिकोणाजवळ जाणारा असतो. कोयनेत मात्र एक वेगळेपणा शिरला. आरंभीची योजना धरण दोन टप्प्यांत उंच करण्याची होती. काम चालू असताना ते एकाच टप्प्यात पूर्ण उंचीला न्यायचे ठरले. त्यामुळे न सांडणाऱ्या उंच खंडांचा छेद सलग उताराचा राहिला नाही. पायापासून सुमारे ६६ मीटरांवर, म्हणजे माथ्याच्या ३६ मीटर खाली, मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो. त्याच्या वर धरण जवळजवळ उभ्या भिंतीसारखे आहे. रुंद खांद्यांवर मान असावी तसा हा आकार झाला. नेहमीच्या हिशेबात त्यात काही चूक नव्हती.

पाच टक्क्यांचे गृहीतक

नेहमीचा हिशेब भूकंपाबाबत काय सांगत होता? त्या काळच्या पद्धतीनुसार धरणाच्या वजनाचा एक ठरावीक हिस्सा आडव्या बलाच्या रूपाने लावून पाहत. कोयनेसाठी हा हिस्सा ०.०५, म्हणजे पाच टक्के धरला होता. साडेनऊ हजार टनांवर पाऊणशे कमी साडेपाचशे, म्हणजे ४७५ टनांचे जादा बल. हे बलही खालपासून वरपर्यंत सारख्याच प्रमाणात धरले जाई. दख्खनचे पठार म्हणजे प्राचीन, स्थिर भूभाग, अशीच तेव्हाची समजूत होती. मोठ्या भूकंपाची नोंद नव्हती, त्यामुळे पाच टक्केही पुरेसे वाटत होते.

जलाशयात पाणी साठू लागल्यावर परिसरात लहान लहान धक्के जाणवू लागले. म्हणून भूकंपमापक बसवण्यात आले आणि धरणाच्या आतील गॅलरीत त्वरणलेखक यंत्रही ठेवले गेले. भूकंपमापक दूरचे सूक्ष्म हादरेही टिपतो, पण जवळचा मोठा धक्का बसला तर त्याची रेघ कागदाबाहेर जाते. त्वरणलेखक नेमका अशाच धक्क्यासाठी असतो. जमीन किती जोराने हलली ते तो नोंदवतो.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी तो प्रसंग आला. भूकंपाची महत्ता ६.३ होती, काही नोंदींत ती ६.५ दिली जाते. लोक झोपेत होते. दगडमातीच्या भिंतींची घरे कोसळली. सुमारे १८० माणसे दगावली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली आणि कोयनानगर वसाहतीची दैना झाली.

गॅलरीतील यंत्र मात्र चालू राहिले होते. त्याच्या नोंदीप्रमाणे धरणाच्या लांबीच्या दिशेने कमाल त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६३ पट होते, प्रवाहाच्या दिशेने जवळजवळ निम्मे आणि उभ्या दिशेने सुमारे एक तृतीयांश. ज्या दिशेने पाणी धरणाला ढकलते त्या दिशेत गृहीत धरले होते पाच टक्के आणि प्रत्यक्षात भरले जवळजवळ दहापट.

धरण का टिकले आणि तडे कोठे गेले

मग धरण कोसळले का नाही? पहिले कारण असे की भूकंपातील कमाल त्वरण क्षणाच्या एका अंशापुरते असते. बल एका बाजूला धरण कलंडवण्याआधीच त्याची दिशा उलटते. दाराला दिलेला हिसका आणि दार सतत ढकलणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. दुसरे कारण म्हणजे तीव्र हादरे काही सेकंदच चालले. तिसरे म्हणजे साध्या गुरुत्व धरणात वजनाची राखीव शिल्लक मोठी असते.

पण ते निर्धोक राहिले असेही नाही. उंच खंडांना आडवे तडे गेले, पाण्याच्या बाजूला आणि मागच्या बाजूलाही. काही ठिकाणी पाझर वाढला. हे तडे पायाशी नव्हते. ते उतार बदलणाऱ्या त्या मानेच्या आसपास होते. सांडव्याचे खंड उंचीने कमी आणि आकाराने वेगळे. त्यांना असे नुकसान झाले नाही.

याचे उत्तर नंतरच्या गणिताने दिले. बर्कले येथील अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी कोयनेच्याच त्वरणनोंदी संगणकाला देऊन धरण कसे हलले असेल ते काढले. त्यांचे विवेचन १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. धरण एखाद्या ठोकळ्यासारखे जमिनीबरोबर सरकत नाही. त्याला स्वतःची कंपने असतात. कोयनेच्या उंच खंडांचे एक कंपन सुमारे एक तृतीयांश सेकंदाचे. पायाशी आलेला हादरा माथ्यापर्यंत जाताना वाढतो आणि माथा चाबकाच्या टोकासारखा हेलकावतो. त्याचा सगळा ताण अरुंद मानेवर येतो. काँक्रीट दाब भरपूर सोसते, ताण फार थोडा. गणिताने जेथे ताण सर्वाधिक दाखवला तेथेच तडे होते. जुन्या पाच टक्क्यांच्या पद्धतीत वरच्या भागावर जवळजवळ ताणच दिसत नव्हता. म्हणजे आकडा लहान होता हा एक दोष, आणि बल वरपर्यंत सारखेच असते हे मानणे हा त्याहून खोल दोष.

हे वर्गात करून पाहता येईल. जाड पुठ्ठ्याची एक हात लांबीची पट्टी कापा. खालचा दोन तृतीयांश भाग रुंद आणि वरचा एकदम अरुंद ठेवा. माथ्याला दोन खोडरबर बांधा, खालचे टोक लाकडी ठोकळ्याला घट्ट खिळवा आणि ठोकळा टेबलावर पुढेमागे हलवा. सावकाश हलवल्यास पट्टी सरळ राहते. एका विशिष्ट गतीला माथा झोके घेऊ लागतो आणि पट्टी रुंदी बदलते तेथेच वाकते. विद्यार्थ्यांना आधी विचारा, ती कोठे वाकेल?

पाणी आणि भूकंप

हा भूकंप जलाशयामुळे झाला का? काळजीपूर्वक म्हणायचे तर जलाशयाने तो चेतवला. जलाशयाच्या तळाशी दाब नऊ वातावरणांएवढा. भूकंपात मोकळ्या होणाऱ्या ताणाच्या मानाने तो थोडाच आहे. खडकात प्रस्तरभंग आधीपासून होते आणि ताणही साचलेला होता. फटींतून खोल शिरलेल्या पाण्याने छिद्रांतील दाब वाढतो, दोन पृष्ठभागांना एकमेकांवर दाबून धरणारे बल कमी होते आणि आधीच निसटण्याच्या बेतात असलेला भंग सरकतो. चीनमधील शिनफेंगच्यांग (१९६२), आफ्रिकेतील करिबा (१९६३) आणि ग्रीसमधील क्रेमास्ता (१९६६) येथेही जलाशय भरल्यावर सहाहून अधिक महत्तेचे भूकंप झाले. पण असे जलाशय थोडे. जगातील बहुसंख्य धरणांजवळ असे काही घडत नाही.

कोयनेचे वैशिष्ट्य असे की तेथे भूकंप थांबले नाहीत. १९८५ मध्ये जवळच्या वारणा जलाशयात पाणी साठू लागले आणि १९९३ पासून हालचाल दक्षिणेकडे वाढली. त्यामुळे हा टापू संशोधकांना एक नैसर्गिक प्रयोगशाळाच ठरला. गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल वेधनछिद्र २०१७ मध्ये पूर्ण झाले. त्यात बेसाल्टचा थर सुमारे सव्वा किलोमीटरवर संपून त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला. कराडच्या केंद्रात त्याचा अभ्यास होतो.

धड्याचा हिशेब

भूकंपानंतर तडे राळ भरून बुजवले गेले आणि उंच खंडांना मागून काँक्रीटचे आधार देण्यात आले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सांडव्याच्या भागालाही तशीच बळकटी मिळाली. १९७० च्या सुधारित भूकंप-नकाशात भारतातील ‘शून्य विभाग’च रद्द झाला. म्हणजे येथे भूकंप होतच नाही, असे कोणत्याही प्रदेशाबद्दल म्हणणे बंद झाले. आणि धरणांच्या गणितात पाच टक्क्यांच्या जागी प्रत्यक्ष कंपनांचा विचार आला. कोयनेच्या नोंदींवर नवी गणिते तपासून पाहण्याचा प्रघात जगभर आजही आहे.

या सगळ्यात विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे असे दोन मुद्दे आहेत. एक, नोंद नसणे आणि घटना न घडणे या निराळ्या गोष्टी आहेत. शंभर-दोनशे वर्षांच्या मानवी स्मरणावरून खडकाबद्दल निष्कर्ष काढणे धोक्याचे. दोन, लहान धक्के जाणवू लागताच कोणीतरी यंत्र बसवले होते. ते नसते तर तडे दिसले असते, पण कोणत्या हादऱ्याने ते पडले हे कधीच कळले नसते. धरण त्याच्या वजनामुळे टिकले. त्याच्या तड्यांपासून जग काही शिकू शकले ते त्या नोंदीमुळे.