फुटलेली भांडी, बुडवलेल्या नावा

'परतीचे दोर कापले' असं आपण मराठी माणसं सहज म्हणून जातो. नोकरीचा राजीनामा देताना, गाव सोडताना, कधी नुसती कर्जाच्या कागदावर सही करतानासुद्धा. १६७० सालची ती माघातली रात्र आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. कोंढाण्यावर तानाजी पडला, मावळे माघारी फिरले, आणि सूर्याजीने कड्यावरचे दोर कापून त्यांची वाट बंद केली.

चिनी भाषेत याच अर्थाची चार अक्षरं आहेत: पो फू छन चौ. भांडी फोडणे, नावा बुडवणे. अशा चार अक्षरी बोलांना तिकडे 'छंग-यू' म्हणतात, आणि त्यांतल्या कितीतरींच्या पोटात अशीच एखादी घडलेली गोष्ट दडलेली असते. पो फू छन चौच्या पोटातली गोष्ट इसवी सनपूर्व २०७ सालची आहे.

पहिल्या सम्राटाला मरून तीन वर्षं झाली होती आणि त्याचं छिन साम्राज्य बंडांनी पेटलं होतं. उत्तरेत जुलू या गावाला छिन सैन्याचा वेढा पडला. सोडवायला दक्षिणेच्या छू राज्याने फौज पाठवली, पण सेनापती सोंग यी वाटेतच ४६ दिवस तळ ठोकून बसला. थंडी, वर पाऊस, शिपाई अर्धपोटी. आणि सेनापती मेजवानी देत होता. त्याच्या हाताखालचा सरदार शियांग यू एका सकाळी तंबूत शिरला आणि त्याने सोंग यीचं डोकं उडवलं. मग सगळी फौज घेऊन त्याने झांग नदी ओलांडली.

पलीकडच्या काठावर काय झालं ते इतिहासकार सिमा छियेनने मोजक्या अक्षरांत नोंदवलं आहे. नावा बुडवल्या, भांडी फोडली, राहुट्या जाळल्या आणि फक्त तीन दिवसांची शिदोरी जवळ ठेवली. भांडी म्हणजे दोन: फू आणि झंग. फू हे गोल बुडाचं पातेलं. झंग त्यावर बसायचं, त्याच्या बुडाला भोकं, म्हणजे खालच्या वाफेवर वरचं धान्य शिजतं. आपलं मोदकपात्र डोळ्यांसमोर आणा, पुष्कळसं तसंच. पुढे हा बोल लोकांच्या तोंडी घोटला गेला तेव्हा झंग गळून पडलं आणि फू तेवढं उरलं.

मला या गोष्टीत नावांपेक्षा भांडी मोठी वाटतात. नाव बुडाली की माघार बंद होते, पण माणूस काठावरच चूल मांडून रेंगाळू शकतो. सोंग यीने ४६ दिवस दुसरं काय केलं होतं? भांडं फुटलं की रेंगाळणंही संपतं. तीन दिवसांत जिंकायचं, नाहीतर चौथ्या दिवशी शिजवायला काही नाही. हे सांगायला शियांग यूला भाषण करावं लागलं नाही. खापऱ्या पडल्याचा आवाज प्रत्येक शिपायाने ऐकला होता.

छूच्या फौजेने नऊ झुंजी दिल्या आणि वेढा मोडला. मदतीला आलेल्या इतर राज्यांच्या फौजा तोवर आपापल्या तटावर उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्यावरूनही चिनीत एक बोल आहे, 'तटावरून बघणे'. आपण काठावर उभं राहून गंमत बघणाऱ्याला बोलतो, तसाच. एकाच प्रसंगातून भाषेने शूराला शब्द दिला आणि बघ्यांनाही दिला.

जे भाषेने ठेवलं नाही तेही सांगितलं पाहिजे. पुढे काही महिन्यांतच शरण आलेल्या २ लाखांहून अधिक छिन सैनिकांना शियांग यूने जिवंत पुरलं, असं सिमा छियेनच लिहितो. आज परीक्षेला बसणारी मुलं निर्धारासाठी ही चार अक्षरं उच्चारतात, त्यात तो खड्डा नाही.

खरं तर ही युक्ती शियांग यूची नव्हेच. इसवी सनपूर्व ६२४ मध्ये मंगमिंग या सेनापतीने पीत नदी ओलांडून नावा जाळल्याची नोंद आहे. तरी नाव राहिलं शियांग यूचं, आणि त्याचं श्रेय सिमा छियेनच्या लेखणीला. शियांग यूला हरवणाऱ्या हान घराण्याच्याच पदरी तो नोकर होता. त्याच दरबाराने पुढे त्याला खच्ची करण्याची शिक्षा दिली, आणि हातातला ग्रंथ पुरा करायचा म्हणून तो ती सोसून जगला. कधीही सम्राट न झालेल्या शियांग यूला त्याने सम्राटांच्या अध्यायांत बसवलं.

पश्चिमेकडेही अशीच गोष्ट आहे, पण तिचा शेवट वेगळा झाला. इसवी सनपूर्व ३१० मध्ये सिराक्यूजचा अगाथोक्लीस कार्थेजशी लढायला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला. देवींना जहाजांच्या मशालींचा नवस केला आहे, असं सैन्याला सांगून त्याने स्वतःच्या जहाजाला आधी आग लावली. तीन वर्षांनी डाव उलटला तेव्हा हाच माणूस सैन्य आणि मुलं मागे टाकून समुद्रमार्गे पळाला. चिडलेल्या सैनिकांनी त्याची मुलं मारली. १५१९ मध्ये मेक्सिकोत कोर्तेसने जहाजं जाळली असं सर्रास सांगतात, पण त्याने ती किनाऱ्यावर चढवून मोडली. लोखंडी सामान आणि दोरखंड जपून ठेवले, आणि पुढे तेच त्याच्या नव्या होड्यांना लागले.

इंग्रजीत 'बोटी जाळणे' अजून म्हणतात, पण 'पूल जाळणे' अधिक कानावर पडतं, आणि ते बहुतेक वेळा 'जाळू नकोस' असं बजावतानाच. चिनी बोल अजून ताठ उभा आहे. मला त्याचं कारण इसवी सनपूर्व २०२ मधल्या वू नदीच्या काठी दिसतं. सगळं हरून शियांग यू तिथे पोचला तेव्हा एक स्थानिक अधिकारी नाव घेऊन उभा होता. पलीकडे चला, तिथे अजूनही राज्य करता येईल, असं तो विनवत होता. आपल्याबरोबर ही नदी ओलांडलेल्या ८,००० जणांपैकी एकही परतला नाही, त्यांच्या वडीलधाऱ्यांना तोंड कसं दाखवू, असं म्हणून शियांग यूने नकार दिला. पाच वर्षं बरोबर असलेला घोडा त्याने त्या माणसाच्या हवाली केला आणि तो पायी लढायला मागे वळला.