फर्नांडिस, रेमो
(८ मे १९५३ – ). गोमंतकीय रॉक गायक, गिटारवादक, गीतकार व संगीतकार. सिंधुदुर्गातून तेरेखोल नदी ओलांडून पेडण्यातून खाली उतरले की शापोरा नदीकाठी बारदेशातील शिवोली लागते. हेच रेमोंचे गाव. घरात पोर्तुगीज सूर, गावात मांडो हा गोमंतकीय गीतप्रकार आणि लहानपणीच कानावर आलेले बिल हॅली, एल्विस प्रेस्ली, बीटल्स यांचे रॉक अँड रोल यांतून त्यांचा कान घडला. मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात वास्तुकला शिकताना त्यांनी ‘द सॅव्हेजेस’ या वाद्यवृंदातही वादन केले.

‘गोअन क्रेझी’ (१९८४) ही गाण्यांची कॅसेट त्यांची खरी कमाई. शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या (स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांच्या) कॅसेट रेकॉर्डरवर त्यांनी ती एकट्याने ध्वनिमुद्रित केली. अशा यंत्रावर तीन ट्रॅक भरले की ते मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळे झालेले ट्रॅक पुन्हा वापरायचे. एकदा मिसळलेली गिटार मग वेगळी काढता येत नाही. म्हणून प्रत्येक सुराचा निर्णय आधीच पक्का लागतो. तयार कॅसेटी त्यांनी स्कूटरवरून गोव्यातील दुकानांत स्वतः पोहोचवल्या. मोठ्या कंपनीची वाट न पाहता स्वतःच्या गावाविषयी इंग्रजीतून गाणारा असा रॉक गायक भारतात तेव्हा विरळाच होता.

गिटारखेरीज ते बासरीही वाजवतात. ‘जलवा’ (१९८७) आणि ‘बॉम्बे’ (१९९५) या चित्रपटांतील गाण्यांनी त्यांचा आवाज देशभर पोहोचला. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.