मोरीतून उलटं आलेलं पाणी: २६ जुलैची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? जेवत असाल तर हा भाग नंतर ऐका, कारण आज गटाराबद्दल बोलायचंय.

२६ जुलै २००५. मी तेव्हा चौथीत होतो. कुर्ल्याच्या चाळीत तळमजल्यावर आमची खोली. दारातून पाणी येऊ नये म्हणून बाबांनी उंबऱ्यावर पोती रचली. आणि पाणी आलं ते मोरीतून! आधी जाळीत बुडबुडे, मग काळं पाणी. आईने पोतेरं कोंबलं, वर पाटा ठेवला. तरी आलंच.

हे उलटं कसं आलं? मोठा झाल्यावर वाचलं, तेव्हा कळलं की गोष्ट दोनशे वर्षांहून जुनी आहे. मुंबई म्हणजे सात बेटं. मधल्या खाड्या बुजवून जमीन केलेली. १८व्या शतकात वरळीजवळ हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून समुद्र अडवला, पण आतली बरीच जमीन भरतीच्या पातळीखालीच राहिली. गटारं उताराने समुद्राला मिळतात. भरतीला समुद्रच वर चढला, तर पाणी जाणार कुठे? त्यात जुनी पावसाळी गटारं तासाला साधारण २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत पडला ९४४ मिलिमीटर! आमच्या बाजूची मिठी नदी तर भराव टाकून आवळलेली. पावसाचं आणि मैल्याचं पाणी एक झालं. पाइप भरला की पाणी सगळ्यात खालचं तोंड शोधतं. ते तोंड म्हणजे आमची मोरी.

खरी चूक पाणी ओसरल्यावर झाली. बाबांनी अनवाणी, उघड्या हातांनी घर धुतलं. टाचेला भेग होती. आठवड्याभराने ताप, पोटऱ्या ठणकायला लागल्या, डोळे पिवळे. लेप्टो! उंदरांच्या मुतातले जंतू जखमेतून शिरतात. त्या ऑगस्टमध्ये मुंबईत लेप्टोची मोठी साथ होती. बाबा वाचले. सगळे वाचले नाहीत.

म्हणून तुमच्याकडे असं झालं, तर एवढं करा. नळ, फ्लश, वॉशिंग मशीन बंद. वरच्या मजल्यांनाही सांगा, कारण त्यांचं पाणी तुमच्याकडेच येणार. पाणी सॉकेटपर्यंत पोचलं असेल तर आत पाऊल टाकू नका. मेन स्विच कोरड्या जागी उभं राहून हाती येत असेल तरच बंद करा. पोरांना बाहेर ठेवा. साफ करताना गमबूट, रबरी हातमोजे हवेतच. ब्लीच आणि ॲसिड एकत्र टाकू नका, विषारी वायू होतो. भिजलेलं अन्न फेका. चेंबरमध्ये कुणालाही उतरवू नका. आत जीव घेणारा वायू असतो, आणि सुरक्षा साधनांविना माणूस उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. शेवटचं म्हणजे, ताप नसला तरी दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना गाठा आणि 'गटाराच्या पाण्यात होतो' हे स्पष्ट सांगा.

बाबांनी ते सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटलं, साधा ताप आहे.

तळमजल्यावर राहणारं कुणी ओळखीचं असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. पाऊस यायच्या आत. भेटू पुढच्या भागात!