मिरवणुकीचा मार्ग : इंदूरच्या जुन्या वस्त्या आणि पॅट्रिक गेडिस

प्लेगचे नाव निघाले की मराठी वाचकाला प्रथम पुणे आठवते. १८९७ सालचा तो उन्हाळा, घराघरांत शिरून झडती घेणारे गोरे सोजीर, रस्त्यावर फेकलेले सामानसुमान आणि २२ जूनच्या रात्री रँडसाहेबावर झाडलेली गोळी. मुंबईची तऱ्हा वेगळी झाली. तेथे १८९६ मध्ये साथ उद्भवली आणि दोन वर्षांत सुधारणा ट्रस्ट स्थापन होऊन दाट वस्त्यांवर कुदळ पडली. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट हे प्रशस्त रस्ते त्या पाडापाडीतून निघाले. ज्यांची घरे गेली त्यांतील बहुतेकांना त्या रस्त्यांवर जागा मिळाली नाही. ती माणसे शेजारच्या गल्लीत दाटीने राहावयास गेली आणि दाटी तेवढी वाढली. साथीवर उपाय म्हणजे नगरवासीयांविरुद्ध मोहीम, असा समज त्या काळी राज्यकर्त्यांच्या मनात पक्का बसला होता. हा समज बाजूला ठेवून एक निराळा प्रयोग होळकरांच्या इंदुरात झाला. तो विस्ताराने सांगण्याजोगा आहे. कारण त्यात जुने शहर हा रोगाचा अड्डा न ठरता उपायाचा भागीदार ठरले.

इंदूर ही १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी झाली. अहिल्याबाईंच्या कारकिर्दीत महेश्वराला जो मान होता तो नंतर इकडे आला. खान आणि सरस्वती या दोन लहान नद्यांच्या काठी जुनी इंदूर, राजवाड्याभोवतीचे बाजार, सराफा आणि मल्हारगंजाकडील मोहल्ले असे शहर वाढत गेले. पुढे रेल्वे आली, कापडाच्या गिरण्या निघाल्या, माळव्यातील कापूस आणि अफू यांचा पैसा खेळू लागला. दुसऱ्या तुकोजीरावांनी रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते, यावरून संस्थानाच्या सुबत्तेची कल्पना येते. मात्र या भरभराटीचा भार जुन्या शहराने उचलला. गिरण्यांसाठी माणसे आली, घरे मात्र तेवढी वाढली नाहीत. नद्यांचे पात्र उन्हाळ्यात आटे आणि साचलेल्या डबक्यांत डास माजत. प्लेग व हिवताप हे शहराचे वारंवारचे पाहुणे झाले.

तिसरे तुकोजीराव होळकर यांनी या पेचातून वाट काढण्यासाठी ज्या माणसाला पाचारण केले, तो ना डॉक्टर होता ना इंजिनिअर. पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक. १८५४ साली स्कॉटलंडमध्ये त्यांचा जन्म झाला. विवाहानंतर ते व त्यांच्या पत्नी ॲना यांनी एडिंबरोच्या जुन्या भागातील जेम्स कोर्ट या मोडकळीस आलेल्या चाळवजा इमारतीत बिऱ्हाड केले. शिकल्यासवरलेली मंडळी ज्या वस्तीतून काढता पाय घेत होती तेथे हे जोडपे राहावयास गेले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन भिंतींना चुना देणे, खिडक्यांत फुलझाडे लावणे, अंगण झाडणे यांपासून त्यांनी सुरुवात केली. नगररचनेचा त्यांचा पहिला धडा तोच. १९१४ मध्ये नगरांविषयीचे एक मोठे प्रदर्शन घेऊन ते हिंदुस्थानात यावयास निघाले, तेव्हा ते साहित्य ज्या जहाजावर होते ते जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडविले. मित्रांनी नवे नकाशे व चित्रे जमवून पाठविली आणि प्रदर्शन मद्रासेत भरले. त्यानंतर बडोदे, लखनौ, बलरामपूर अशा शहरांचे अहवाल त्यांनी लिहिले.

इंदूरचे काम आले ते १९१७ साली, आणि ते वर्ष गेडिस यांच्या आयुष्यातील सर्वांत दुःखाचे होते. एप्रिलमध्ये थोरला मुलगा अलास्डेर फ्रान्सच्या रणभूमीवर पडला. जूनमध्ये ॲनाबाई कलकत्त्यास आजारात निवर्तल्या. मुलाच्या मृत्यूची वार्ता त्यांना अखेरपर्यंत कळू दिली नव्हती. साठी उलटलेला हा एकाकी माणूस इंदूरच्या गल्ल्या पायी तुडवीत हिंडू लागला. (योगायोग असा की, याच १९१७ साली मराठी साहित्य संमेलनही इंदुरात भरले होते.)

त्यांची पद्धत सरकारी पाहणीहून अगदी भिन्न होती. नकाशावर सरळ रेघ ओढून ती जमिनीवर उतरविणे त्यांना पसंत नव्हते. मोहल्ल्यामागून मोहल्ला, घरामागून घर पाहत ते जात. पडके, रिकामे घर कोठे आहे, विहीर कोठे आहे, वडापिंपळाचा पार कोठे आहे, देवळापुढे किती मोकळी जागा आहे, हे ते टिपून ठेवीत. मग शिफारस येई ती अशी की, ही पडकी भिंत काढा म्हणजे येथे लहानसा चौक होईल. ही दोन खोपटी हलवा म्हणजे बोळात वारा खेळेल. बाकीची घरे जशी आहेत तशी राहू द्या, फक्त दुरुस्त करा. या रीतीला त्यांनी जपणुकीच्या शस्त्रक्रियेची उपमा दिली होती. हात कापण्याऐवजी गळू कापावे, एवढाच तिचा अर्थ. पाडापाडीच्या योजनेपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडे, हा मुद्दा दरबारांपुढे मांडण्यास ते कधी विसरत नसत. सांडपाणी व मैला यांविषयीही त्यांचे मत प्रवाहाविरुद्ध होते. सारे काही गटारात लोटण्यापेक्षा ते मातीला परत द्यावे आणि त्यातून बागा फुलवाव्यात, असे ते म्हणत. विहिरींचा सरसकट तिरस्कार करणाऱ्या अधिकाऱ्यांशी त्यांचा वाद होई. विहीर बुजविण्याऐवजी ती स्वच्छ राखावी, असा त्यांचा आग्रह होता.

परंतु लोकांना हे कसे कळावे? नकाशे हाती घेऊन दारावरून जाणारा गोरा माणूस म्हणजे घर पाडण्याची पूर्वसूचना, अशीच सर्वांची समजूत. हाच प्लेग आणणारा म्हातारा साहेब, असे म्हणून लोक आपल्याकडे बोट दाखवीत, हे गेडिस यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. तेव्हा त्यांनी दरबारकडे एक विलक्षण मागणी केली : एका दिवसापुरते मला महाराज करा. मागणी मान्य झाली. आलेल्या दिवाळीत नव्या प्रकारची मिरवणूक निघणार, असे जाहीर झाले. तिचा मार्ग नेहमीचा नव्हता. ज्या रस्त्यावरील सर्वाधिक घरे झाडूनपुसून, दुरुस्त करून, रंग देऊन सज्ज होतील त्या रस्त्याने मिरवणूक जाणार होती.

या एका अटीने जे साधले ते झडत्यांनी पुण्यात साधले नव्हते. दिवाळीपूर्वी घर सारवणे, जळमटे काढणे ही आपली जुनीच रीत. तिला आता आळीआळीतील चढाओढीची जोड मिळाली. घरांतील साचलेला केरकचरा फुकट उचलून नेण्याची सोय दरबाराने केली. गेडिस यांच्या कथनाप्रमाणे सहा हजारांहून अधिक खेपा कचरा बाहेर पडला आणि उंदीर हजारोंनी पकडले गेले. आकड्यांत कथाकाराचा उत्साह थोडा मिसळला असेल. तरी उंदीर आणि प्लेग यांचा संबंध तोवर सिद्ध झालेला होता, हे ध्यानात घेता या सफाईचे मोल कमी होत नाही.

मिरवणुकीची मांडणीही मोठ्या कल्पकतेने केलेली होती. अग्रभागी संस्थानचे घोडेस्वार, हत्ती, तोफा. मागून कापसाचे व्यापारी, सुगीचे देखावे आणि लक्ष्मी. इतके झाल्यावर वाद्यांचा सूर एकाएकी बदले आणि रोगराईची सोंगे येत. त्यांत अस्वच्छतेचा एक उंच राक्षस होता आणि प्लेगचा अजस्र उंदीर. माळव्यात दसऱ्याला रावण जाळणाऱ्या प्रेक्षकाला त्यांचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल.

आणि या राक्षसाच्या मागून कोण आले? शहराचे झाडूवाले. अंगावर धुवट पांढरे कपडे, हाती नव्या झाडू, रंगविलेल्या कचरागाड्या आणि सजविलेले बैल. राक्षसाला जिंकणारी सेना म्हणून ही मंडळी राजरस्त्याने चालली. गेडिस यांनी त्यांच्या म्होरक्याशी फुलांची देवघेव केली. ज्या माणसांची सावलीही टाळली जाई त्यांचा जयजयकार त्या दिवशी दुतर्फा उभ्या असलेल्या लोकांनी केला. त्यांच्या मागून नगरदेवता आली. तिच्या निशाणावर शहराचा नकाशा होता. पुढे नियोजित सार्वजनिक इमारतींच्या प्रतिकृती, बागांचे देखावे, आणि अखेरीस घरोघर लावण्यासाठी वाटलेली तुळशीची रोपे. सायंकाळी राक्षस व उंदीर यांचे दहन होऊन दारूकाम झाले. साथ पुढे ओसरली. तिचा हंगामच संपत आला होता, हे गेडिस यांनी प्रांजळपणे मान्य केले आहे. लोकांनी मात्र श्रेय साहेबालाच दिले, आणि मग त्यांचे ऐकून घेण्यास दारे उघडली.

या प्रसंगाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. झाडूवाल्यांचा तो सन्मान एका दिवसाचा होता. दुसऱ्या दिवशी डोक्यावर मैल्याची पाटी तीच होती आणि त्यांची वस्ती गावाच्या त्याच कडेला होती. कर्ता कोण, हे गेडिस यांनी अचूक ओळखले. परंतु त्या कर्त्याच्या रोजच्या जिण्यात पालट घडविणे एका दिवसाच्या महाराजाच्या हाती नव्हते, आणि खऱ्या महाराजांच्या दरबाराने ते मनावर घेतल्याचे दिसत नाही.

१९१८ मध्ये इंदूर दरबारासाठी लिहिलेला अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. नगररचनेवरील त्यांच्या हिंदुस्थानी अहवालांत हा सर्वांत विस्तृत मानला जातो. दुसऱ्या खंडात मध्य भारतासाठी इंदुरात विद्यापीठ स्थापण्याची योजना आहे. त्यांतील काही रस्ते व वसाहतींच्या सूचना पुढील काळात उपयोगी पडल्या. नदीकाठच्या बागांचे आणि विद्यापीठाचे स्वप्न मात्र त्या पानांतच राहिले. इंदूरचे विद्यापीठ उघडले ते १९६४ साली. गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. गोविंद सदाशिव घुर्ये यांना पुढील अभ्यासासाठी विलायतेस पाठविण्याच्या निवडीत त्यांचा वाटा होता, तेवढ्याने मराठी विद्वत्तेचाही त्यांच्याशी धागा जुळतो.

मातीला परत देण्याच्या विचाराला मात्र इंदुरातच दुसरे घर मिळाले. १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी येथे वनस्पतिसंशोधनाची संस्था उभारली आणि पालापाचोळा व शेण यांपासून खत करण्याची ती सुप्रसिद्ध 'इंदूर पद्धती' सिद्ध केली. तिच्यावरील १९३१ च्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचे नाव आहे. सेंद्रिय शेतीविषयी बोलणाऱ्या जगभरच्या मंडळींना इंदूर हे नाव ठाऊक असते ते त्यामुळे. वाडांचे नाव मात्र क्वचितच कोणी घेते.

यानंतर सत्तर वर्षे जुन्या शहराने सोसण्यातच घालविली. खान नदीचा नाला झाला. १९८४ च्या दंगलीत राजवाड्याला आग लागली आणि दर्शनी भाग सोडून आतील बरेचसे बांधकाम भस्मसात झाले. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, पाठोपाठ इतर गिरण्या थंडावल्या. तरीही अनंत चतुर्दशीला गिरणीकामगारांच्या झांक्या निघावयाच्या राहिल्या नाहीत, ही या शहराची खास खूण म्हणावी लागेल. कारखाना गेला, पगार गेला, पण दिव्यांच्या झगमगाटात रात्रभर चालणारी ती मिरवणूक वर्गणी गोळा करून कामगारांनी चालूच ठेवली.

१९८९ पासून नदीकाठच्या झोपडवस्त्यांत एक मोठे काम सुरू झाले. हिमांशू पारिख या अभियंत्याची मांडणी अशी की, झोपडवस्त्या बहुधा नैसर्गिक ओहोळांच्या काठी असतात. तेव्हा शहराची मलवाहिनी त्यांना टाळून न नेता त्यांच्यामधूनच न्यावी, म्हणजे वस्तीही सुधारेल आणि नदीही. इंग्लंडच्या मदतीने १८३ वस्त्यांत रस्ते, नळ, गटारे आणि घराघरांतील शौचालयांच्या जोडण्या झाल्या. १९९८ साली या कामाला आगाखान वास्तुपुरस्कार मिळाला. मात्र रहिवाशांचा सहभाग अपेक्षेइतका लाभला नाही आणि देखभाल ढिली पडली. तुंबलेल्या नळांचे चित्र गीता दिवाण वर्मा यांनी २००२ च्या आपल्या पुस्तकात कठोर शब्दांत रेखाटले. नळ घालणे हे कंत्राटदाराचे काम, ते वाहते ठेवणे हे मोहल्ल्याचे, हा भेद गेडिस यांच्या काळी जेवढा खरा होता तेवढाच तेव्हाही होता.

राजवाड्याचा जळालेला भाग होळकर कुटुंबीयांच्या पुढाकाराने जुन्या धाटणीवर पुन्हा उभा राहिला. त्यानंतर दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, देशव्यापी स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर पहिले आले आणि पुढे अनेक वर्षे तो क्रमांक टिकला. त्यामागे घंटागाड्यांची व्यवस्था आहे, दंडाची तजवीज आहे आणि रात्री खवय्यांनी फुलणारा सराफा उठल्यावर पहाटेपूर्वी तो झाडून काढणारे हजारो हात आहेत. ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याचे काम मात्र घराघरांतील स्वयंपाकघरात होते. गाडी दाराशी येते तेव्हा ते झालेले असावे लागते.