‘वीकर’ म्हणजे कोणापेक्षा?

चारकोपमधल्या एका सोसायटीच्या कार्यालयात मी गेली काही वर्षे संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. कार्यालय म्हणजे एक लहान खोली. एका भिंतीवर सभासदांची यादी, दुसऱ्या भिंतीवर नोटीसबोर्ड, कोपऱ्यात लोखंडी कपाट. येणाऱ्या मुली बहुतेक अकरावी-बारावीच्या, काही कॉलेजातल्या. दोघी-तिघी मात्र घरकामे आटोपून येणाऱ्या बायका. एका जूनमध्ये मी फळ्यावर शिक्षण आणि समाज या विषयावरचे शब्द लिहिले. कम्युनिटी, इनइक्वॉलिटी, बॅकवर्ड, डिप्रेस्ड, ड्रॉपआउट आणि शेवटी वीकर सेक्शन. शेवटच्या शब्दाशी एक मुलगी अडली.

“बाई, आम्ही ईडब्ल्यूएसच्या प्लॉटवर राहतो. आजोबांच्या कागदावर तसं लिहिलंय. मग मला ईडब्ल्यूएसचा दाखला का मिळत नाही?”

मी म्हटले, “तुझ्याकडे एससीचा दाखला आहे ना, म्हणून.”

“म्हणजे आम्ही आता वीक नाही?”

वर्ग हसला, तीही हसली. माझे उत्तर नियमाला धरून होते, पण तिचा प्रश्न शब्दाबद्दल होता. आजोबांच्या कागदावरची तीन अक्षरे आणि नातीला न मिळणारी तीन अक्षरे तीच आहेत. दोन्हींचा विस्तारही एकच : इकॉनॉमिकली वीकर सेक्शन. मग मधल्या तीस-पस्तीस वर्षांत या अक्षरांचे काय झाले? त्याचा शोध घेताना मला चारकोपमधून थेट १८८२ सालापर्यंत मागे जावे लागले.

सुरुवात आजोबांच्या कागदापासून करू. चारकोप गाव जुने, खाडीकाठचे. आज ज्याला आपण चारकोप म्हणतो ती सेक्टरांची वसाहत मात्र जागतिक बँकेच्या कर्जातून १९८५ साली सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पातली आहे. तो प्रकल्प १९९४पर्यंत चालला. गोराई, मालवणी, मुलुंड येथेही त्याच पद्धतीने वसाहती झाल्या. योजनेचे नावच ‘साइट्स अँड सर्व्हिसेस’ : सरकारने जमीन आखून रस्ता, पाणी, मलनिःसारण द्यायचे आणि घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचे. मोठे भूखंड बाजारभावाने विकून त्या पैशातून लहान भूखंड स्वस्त ठेवायचे. कुटुंबाचे उत्पन्न पाहून गट ठरत : ईडब्ल्यूएस, एलआयजी, एमआयजी. जात विचारली जात असेल तर ती राखीव जागांसाठी. गट ठरे तो पगारावरून. त्यामुळे ज्यांना इंग्रजीचे एक वाक्य येत नव्हते अशा माणसांच्याही तोंडी ही अक्षरे पत्त्यासारखी बसली. “आमचा ईडब्ल्यूएस आहे, त्यांचा एलआयजी,” असे इथे सहज बोलले जाई. आज त्याच प्लॉटांवर दुमजली-तिमजली घरे उभी आहेत, अक्षरे मात्र कागदावर तशीच आहेत.

सरकारी कचेरीत घडलेला इंग्रजी शब्द माणसांना चिकटतो, ही गोष्ट काही चारकोपमध्ये प्रथम घडलेली नाही. महाराष्ट्रात तिचा इतिहास निदान दीडशे वर्षांचा आहे, आणि ज्यांना शब्द चिकटले त्यांनी ते मुकाट्याने वागवले नाहीत, हे त्या इतिहासाचे वैशिष्ट्य आहे.

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. त्यावर १९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख आहे आणि ते इंग्रजीत आहे. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणारे, १८७३ साली ‘गुलामगिरी’ मराठीत लिहून तिला इंग्रजी प्रस्तावना जोडणारे जोतीराव कोणाशी कोणत्या भाषेत बोलायचे हे नेमके जाणत होते. तेव्हा सरकारी शिक्षणधोरणात एक कल्पना रूढ होती : वरच्या वर्गाला शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल. निवेदनात जोतीराव तिचा हिशेब मांडतात. सरकारी महसूल येतो शेतकऱ्यांच्या घामातून आणि खर्च होतो उच्च शिक्षणावर; ज्यांनी पैसा दिला त्यांच्या मुलांना साधी शाळा नाही. म्हणून निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी ते करतात.

‘लोअर क्लासेस’, ‘मासेस’ हे शब्द त्यात आहेतच. ते सरकारी दप्तरातलेच शब्द. पण दप्तरात हा ‘लोअर’ वर्ग मदतीची वाट पाहणारा होता. जोतीरावांच्या निवेदनात तो कर भरणारा, म्हणून हिशेब मागणारा झाला. शब्द बदलला नाही, त्याचे वाक्य बदलले.

पुढचा शब्द ‘डिप्रेस्ड क्लासेस’. वर्गात तो लिहिला तेव्हा एक मुलगी म्हणाली, “डिप्रेस्ड म्हणजे उदास ना, बाई?” आजच्या इंग्रजीत तिचे बरोबरच आहे. शंभर वर्षांपूर्वी मात्र हा शब्द अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी सर्रास वापरला जात होता. त्याचा शब्दशः अर्थ दाबलेले, खाली दडपलेले. व्याकरणात हे कर्मणी रूप आहे : कोणीतरी दाबले असणार, पण कर्ता सांगितलेला नाही.

मराठीत या एका शब्दासाठी दोन संस्थांनी दोन शब्द निवडले. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ स्थापन केले. तिचे मराठी नाव ‘निराश्रित साहाय्यकारी मंडळी’. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २० जुलै १९२४ रोजी मुंबईतच सभा स्थापन केली. इंग्रजी नावात तिथेही ‘डिप्रेस्ड क्लासेस’ होते, मराठी नाव मात्र ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’. शिंद्यांच्या कार्याची थोरवी कमी न करता या दोन शब्दांतला फरक पाहावा. ‘निराश्रित’ शब्द स्थिती सांगतो : याला आसरा नाही, कोणी द्यावा. ‘बहिष्कृत’ शब्द कृती सांगतो : याला कोणीतरी बाहेर काढले आहे. इंग्रजी शब्दाने जो कर्ता लपवला होता तो या मराठी शब्दाने निदान सूचित केला. १९२७ साली सुरू झालेल्या पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत भारत’ ठेवले तेव्हा तो देशाच्याच नावाला जोडला गेला.

याच सभेच्या वतीने बाबासाहेबांनी मे १९२८ मध्ये सायमन आयोगाला मुंबई इलाख्यातील या वर्गांच्या शिक्षणाविषयी निवेदन दिले. निवेदन आहे इंग्रजीत आणि त्याचा पुरावा जवळजवळ सगळा सरकारच्याच इंग्रजी कागदांतला. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या एका महार मुलाचा अर्ज आणि त्याला मिळालेला नकार हे प्रकरणही त्यांनी तिथूनच बाहेर काढले. इंग्रजी शिकण्याचा एक अर्थ इथे स्पष्ट होतो : आपल्याविषयी दुसऱ्यांनी काय लिहून ठेवले आहे ते वाचता येणे.

आणि मग शब्दालाच हरकत. नोव्हेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला दिलेल्या पुरवणी निवेदनात बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी हक्कांच्या मागण्यांबरोबर नावाचीही मागणी केली : ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हे नाव आम्हांला मान्य नाही, ते बदला. पर्याय म्हणून त्यांनी ‘नॉन-कास्ट हिंदू’, ‘प्रोटेस्टंट हिंदू’, ‘नॉन-कन्फॉर्मिस्ट हिंदू’ ही नावे सुचवली. पुढच्या वर्षी मताधिकार समितीच्या कामात ‘एक्स्टीरियर’ किंवा ‘एक्स्क्लूडेड’ असे शब्द त्यांनी पुढे केले. म्हणजे पुन्हा ‘बहिष्कृत’च. शेवटी १९३५च्या कायद्याने जो शब्द दिला तो होता ‘शेड्यूल्ड कास्ट्स’. शेड्यूल म्हणजे यादी. १९३६च्या हुकमाने ती यादी निघाली आणि मराठीत ‘अनुसूचित जाती’ आल्या. या शब्दात ना दया आहे ना आरोप; यादीत नाव आहे, एवढेच तो सांगतो.

‘कम्युनिटी’ची गोष्ट याच काळातली. इंग्रजी पाठ्यपुस्तकात हा शब्द आला की चित्रात शेजारी, बाग, वाचनालय असते. आपल्याकडे तो कचेरीतून आला तो धर्म आणि जात यांचे खाते म्हणून. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी ‘कम्युनल ॲवॉर्ड’ जाहीर केला. मराठीने त्याला ‘जातीय निवाडा’ म्हटले. म्हणून आजही मराठी वृत्तपत्रात ‘जातीय दंगल’ वाचले तर ती बहुधा दोन धर्मांतली असते. कम्युनिटीचे मराठी सांगा म्हटल्यावर माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली ‘समाज’ म्हणाल्या आणि लगेच एकीने विचारले, “म्हणजे आमचा समाज की सगळ्यांचा?” सोसायटीतल्या त्या खोलीत कोकणातले, घाटावरचे, गुजराती, तमिळ अशी सगळी कुटुंबे सभासद म्हणून एकाच यादीत आहेत. ती यादी पाठ्यपुस्तकातली कम्युनिटी. दाखल्यावरची ती वेगळी. मुलींना दोन्ही शिकाव्या लागतात.

आता पुन्हा ‘वीकर सेक्शन’. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या अनुच्छेद ४६ मध्ये हा शब्द आहे. दुर्बल घटकांचे शैक्षणिक आणि आर्थिक हित राज्याने विशेष काळजीने जपावे, असे तो सांगतो. आणि या घटकांत विशेषकरून कोण, तर अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती. म्हणजे या शब्दाच्या पहिल्या अर्थात माझ्या विद्यार्थिनीचे नाव अगदी वर होते.

चारकोपच्या प्रकल्पात त्याचा दुसरा अर्थ झाला : ठरावीक उत्पन्नाखालचा, मग तो कोणीही असो. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांसाठी ‘वंचित गट’ आणि ‘दुर्बल घटक’ असे दोन कप्पे झाले. अनुसूचित जाती-जमाती पहिल्यात, कमी उत्पन्नाचे पालक दुसऱ्यात. शब्द दुभंगला, तरी दोघेही दाराच्या आत होते. जानेवारी २०१९ मध्ये १०३वी घटनादुरुस्ती झाली आणि आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के आरक्षण आले. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. यातून आधीच आरक्षण असलेले वर्ग, म्हणजे अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग, वगळले गेले. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने वैध ठरवली. वेगळे मत देणाऱ्या दोन न्यायमूर्तींचा आक्षेप नेमका या वगळण्यालाच होता.

वगळण्यामागे युक्तिवाद आहे : ज्यांना एक आरक्षण आहे त्यांना दुसरे कशाला? तो मान्य करा वा करू नका, शब्दाचे जे झाले ते मात्र दिसते. ज्या शब्दाची सुरुवात ‘विशेषकरून अनुसूचित जाती’ अशी होती, त्याच शब्दातून अनुसूचित जाती बाहेर गेल्या. त्या मुलीच्या “आम्ही आता वीक नाही?” या प्रश्नात हा सत्तर वर्षांचा प्रवास होता.

शिक्षिका म्हणून मला यात आणखी एक गोष्ट उशिरा दिसली. ‘वीकर’ हे तरतमाचे रूप आहे : वीक, वीकर, वीकेस्ट. शाळेत आम्ही मुलांना घोकून घेतो की ‘वीकर’ आला की पुढे ‘दॅन’ हवा. संविधानात, प्लॉटच्या कागदावर, दाखल्यावर कुठेच ‘दॅन’ नाही. कोणापेक्षा दुर्बल, ते लिहिलेले नाही. मराठी भाषांतरात तर तुलनेचा मागमूसही राहत नाही. ‘अधिक दुर्बल’ऐवजी नुसते ‘दुर्बल’ होते, जणू तो त्या माणसाचा जन्मजात गुण आहे. जोतीरावांच्या निवेदनात तुलना पुरी होती : कोणाच्या पैशावर कोण शिकले, ते त्यात होते. ‘बहिष्कृत’ शब्दातही ती होती. आणि ‘दलित’ शब्दातही आहे. मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशात ‘दलित’ म्हणजे दळलेले, भरडलेले. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन झाले, १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, आणि ज्यांना तो लावला जात होता त्यांनीच तो स्वतःचे नाव म्हणून घेतला. पुढे इंग्रजीला त्याचे भाषांतर करता आले नाही; तिने तो तसाच आपल्या कोशात घेतला. कचेरीतून आपल्याकडे येणाऱ्या शब्दांच्या या दीड शतकात उलट्या दिशेने गेलेला हा एक मोठा शब्द.

त्या जूननंतर शब्दांची यादी शिकवण्याची माझी पद्धत बदलली. पूर्वी मी शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग अशी तीन घरे आखत असे. आता चौथे घर असते : हा शब्द कोणी कोणाला लावला? पुष्कळदा ते घर मलाही भरता येत नाही. मग ते मोकळे ठेवून आम्ही पुढे जातो.

त्या मुलीला मी तिच्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या आठवड्यात दिले, वरच्या क्रमानेच : १९५०, १९८५, २००९, २०१९. तिने सालांसकट ते वहीत उतरवून घेतले आणि विचारले, “फुल्यांनी ते इंग्रजीत लिहिलंय ना? मग आपल्याला वाचता येईल?” मी म्हटले, येईल, पण वाक्ये लांब आहेत.

दर शनिवारी आम्ही आता ते १८८२चे निवेदन वाचतो. एका संध्याकाळी एक परिच्छेद, त्याहून जास्त होत नाही. अडलेले शब्द ती फळ्यावर लिहिते. घरकामे आटोपून येणाऱ्या बायकांपैकी एक त्यांचे मराठी सुचवते. प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, या वाक्याशी आलो तेव्हा त्या बाई म्हणाल्या, “मी दहाव्या वर्षी शाळा सोडली.” मग त्यांनी ते वाक्य इंग्रजीतून स्वतः पुन्हा वाचून दाखवले.