भ्रमणध्वनीतील स्वयंचलित चॅनलवाटप : कोन (ता. पनवेल) या गावाच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
भ्रमणध्वनीचा इतिहास बहुधा परवाने, दर आणि ग्राहकसंख्या यांच्या अंगाने लिहिला जातो. मर्यादित चॅनल कोणाच्या वाट्याला यावेत, हे ठरविणारी यंत्रणा मात्र दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात तिचा विचार मुंबई-पुणे मार्गालगतच्या कोन या गावाच्या संदर्भात केला आहे.

आराखड्याकडून स्वयंचलनाकडे :
प्रदेशाची लहान सेलमध्ये विभागणी करून तीच वारंवारता पुरेशा अंतरावर पुन्हा वापरण्याची कल्पना बेल प्रयोगशाळेतील डी. एच. रिंग यांनी 1947 मध्ये मांडली. प्रत्येक सेलला ठरावीक चॅनल नेमून देणे, हे स्थिर वाटप होय. मागणीनुसार बदलणाऱ्या गतिमान वाटपाचा अभ्यास कॉक्स व रूडिंक यांनी 1970 च्या दशकाच्या प्रारंभी केला. भारतात 1995 मध्ये जीएसएम सेवा सुरू झाली. या पद्धतीत 200 किलोहर्ट्झच्या प्रत्येक वाहकावर आठ कालखंड असतात. कोणत्या मनोऱ्याला कोणते वाहक द्यावयाचे, हे अभियंते आराखड्याने ठरवीत. कॉल येताच रिकामा कालखंड देण्याचे काम नियंत्रक यंत्र आपोआप करी. पुढे एलटीई तंत्रज्ञानात हे वाटप दर सहस्रांश सेकंदाला होऊ लागले.

गावकरी आणि वाटसरू :
द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्ण झाला. अशा मार्गालगतच्या मनोऱ्याकडे दोन प्रकारची मागणी येते : गावातून लावलेला नवा कॉल, आणि धावत्या वाहनासोबत शेजारच्या सेलमधून येणारा चालू कॉल. न लागलेल्या कॉलपेक्षा मध्येच तुटलेला कॉल अधिक जाचक, या तत्त्वावर काही चॅनल चालू कॉलसाठी राखून ठेवण्याची रीत अभियांत्रिकीत रूढ आहे. ती जेथे अवलंबिली जाते, तेथे गर्दीच्या वेळी वाटसरूचे संभाषण अखंड राहते आणि गावकऱ्याला थांबावे लागते.

निष्कर्ष :
सर्वोच्च न्यायालयाने 2 फेब्रुवारी 2012 रोजी 122 परवाने रद्द केले. त्यानिमित्ताने कंपन्यांना स्पेक्ट्रम कसा मिळावा, याची देशभर चर्चा झाली. सेलच्या आत होणाऱ्या वाटपाला मात्र अशी चर्चा क्वचितच लाभते. स्वयंचलनामुळे निर्णय नाहीसा होत नाही; तो एकदाच घेतला जाऊन नियमात दडतो. कोनसारख्या गावाच्या दृष्टीने तो नियम वाचणे, हेही इतिहासलेखनाचे काम आहे.